१८८३ सालचं अंतराळयान: गोष्ट लिहायची तर

१९व्या शतकातच माणूस अंतराळात पोचला असता तर? ही गोष्ट लिहायची तर इतिहासात बदल एकच करा. दुसरा केलात की वाचकाचा विश्वास उडालाच.

नवे लेखक हटकून टिपूच्या अग्निबाणांपासून सुरुवात करतात. त्या लोखंडी नळ्यांचा मलाही अभिमान आहे. त्या पाहूनच इंग्लंडात विल्यम काँग्रीव्हने लष्करासाठी केलेले बाण तयार झाले. पण बंदुकीच्या दारूच्या झोताचा वेग सेकंदाला जेमतेम १ किलोमीटर, आणि पृथ्वीभोवती फिरत राहायला लागतात ७.९. हिशेब मांडून बघा: रिकाम्या यानाच्या दर किलोमागे २,७०० किलोच्या आसपास दारू, तीही हवेचा विरोध न धरता. तो रस्ता सोडा.

द्रव ऑक्सिजन घ्या. १८८३ मध्ये आजच्या पोलंडमधल्या क्राको शहरात व्रुब्लेव्स्की आणि ओल्शेव्स्की या शास्त्रज्ञांनी तो भांड्यात धरून दाखवला. रॉकेल तर तेव्हा दिव्यांत जळतच होतं. रॉकेल-ऑक्सिजनचा झोत ३ किलोमीटरच्या घरात जातो आणि २,७०० चा आकडा थेट १३ वर येतो! प्रत्यक्षात द्रव इंधनाचं पहिलं रॉकेट अमेरिकेत रॉबर्ट गोडार्डने उडवलं ते १९२६ मध्ये. मधली ४३ वर्षं पुसायची, हाच तुमचा एकमेव बदल.

आता नोझल, म्हणजे झोत बाहेर पडतो ते रॉकेटचं तोंड. मी नाशिकच्या सातपूरला कारखान्यात लेथवर असतो, त्यामुळे इथे घाई केलेली मला खपत नाही. नोझल आधी निमुळतं होतं, मग पसरतं. दोन्ही बाजूंनी बोअरिंग केलं, म्हणजे आतून कोरलं, की मधल्या गळ्यात बारीकशी धार उरते. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागते. ती पॉलिश पेपरने काढावीच लागते, कारण सगळा जाळ तिथूनच जातो. पोलाद १,५०० अंशांच्या आसपास वितळतं, जाळ त्याच्या दुप्पट. म्हणून भिंतीभोवती रॉकेलच खेळवायचं, तेच तिला गार ठेवतं. ही युक्ती तुमच्या कारागिराला सुचू द्या, साहेबाला नको.

जागा नाशिकच ठेवा. थळ घाटातली रेल्वे १८६५ पासून आहे, जड यंत्रं मुंबईहून येतील. २० अक्षांशावर पूर्वेकडे उडालं की पृथ्वीच्या फिरण्याचे सेकंदाला ४३७ मीटर फुकट मिळतात. मात्र पूर्वेला वैजापूर, म्हणजे तेव्हाचा निजामाचा मुलूख. रिकामी टाकी तिथल्या कुणाच्या तरी ज्वारीत पडणार, आणि नाशिकच्या कलेक्टरला खुलासा करावा लागणार. तो खुलासा अख्खाच्या अख्खा गोष्टीत घाला.