महागडी इन्स्टंट कॉफी घ्यावी का? आधी सांगा, जायफळ घालता का

गेल्या गणपतीत मुंबईहून आलेल्या आतेभावाने १०० ग्रॅमची एक काचेची बरणी आणली, किंमत बघून आईने ती आधी शोकेसमध्येच ठेवली. दुसऱ्या दिवशी आजीला नुसत्या पाण्यात करून दिली, तर एक घोट घेऊन म्हणते, "रे, ह्येच्यात जायफळ खंय हा?"

तर पहिला प्रश्न हाच. आपल्याकडे कॉफी म्हणजे उकळतं दूध, तीन चमचे साखर आणि वर परसातल्या झाडाचं जायफळ किसून, आणि ती मस्तच लागते, पण त्यात कॉफी कुठली होती हे कोणालाच कळत नाही. तुम्ही अशी पीत असाल तर साधी घ्या आणि उरलेल्या पैशांचे बांगडे आणा. काळी पीत असाल किंवा नावाला दूध घालत असाल तरच पुढे वाचा.

दुकानात गेलात की बरणी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा, पुढच्या सोनेरी अक्षरांत काही नसतं. चिकोरी आहे का, किती टक्के, हे लिहावंच लागतं. स्वस्तातल्या बऱ्याच पाकिटांत ७०:३० असतं, म्हणजे ३० टक्के एका झाडाचं भाजलेलं मूळ. चिकोरी वाईट नाही, रंग दाट येतो, थोडी कडसर गोडी येते, दुधात तर छानच लागते, फक्त तिच्यात कॅफीन नसतं आणि तिचे कॉफीच्या भावाने पैसे देऊ नका. (पाण्यात टाकून चिकोरी ओळखायची ती व्हिडिओतली युक्ती फिल्टर कॉफीच्या पावडरची आहे, इन्स्टंट तर सगळीच विरघळते.)

मग बघा फ्रीझ ड्राइड लिहिलंय का. साध्या इन्स्टंटमध्ये कॉफीचा अर्क गरम हवेत फवारून सुकवतात, त्यात बराच वास उडून जातो. फ्रीझ ड्राइडमध्ये अर्क आधी गोठवतात आणि मग हवा काढून घेऊन बर्फाची थेट वाफ करतात, तेवढा ताप लागत नाही म्हणून वास टिकतो, खर्चही तिथेच वाढतो. इथे एक गंमत आहे, दाणेदार दिसली म्हणजे फ्रीझ ड्राइड असं नाही, साध्या पावडरलाच वाफ देऊन तिचे गोळे करतात. ते गोलसर, फुसफुशीत दिसतात, आणि फ्रीझ ड्राइडचे तुकडे कोनदार, फुटक्या खड्यांसारखे. अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन जाती, शंभर टक्के अरेबिका लिहिलं असेल तर चव जरा मऊ आणि आंबटसर असणार, रोबस्टा जास्त कडक, कॅफीनही तिच्यात जास्त. कडक आवडणाऱ्याने अरेबिकाला जास्त पैसे मोजून काय करायचं? हेझलनट, व्हॅनिला वगैरे वासाच्या बरण्या मी तरी घेत नाही, वास बहुतेक वेळा वरून घातलेला असतो आणि खालची कॉफी कशी आहे ते झाकलं जातं.

हिशोब बरणीचा नको, कपाचा करा. एका कपाला साधारण २ ग्रॅम धरा, १०० ग्रॅममध्ये ५० कप. बरणी ७०० ची असेल तर कप १४ रुपयांना पडला, स्टँडवरच्या कटिंगच्या आसपासच, म्हणजे वाटते तेवढी महाग नाही. पण २०० ची असेल तर कप ४ ला, आणि वरचे १० रुपये तुमच्या जिभेला कळतायत का तेच तपासायचं. त्यासाठी आधी छोटं पाकीट मिळालं तर तेच आणा, वहिनीला दोन कप करायला सांगा, जुनी आणि नवी, दोन्ही काळी, कुठली कुठे ते तिलाच माहीत. पाणी उकळून मिनिटभर थांबून ओतायचं. थोडी निवल्यावर परत प्या, गरम असताना सगळ्याच बऱ्या लागतात. तीन दिवस केलं आणि तीनदा ओळखता आली तर घ्या.

घेतली तरी पावसाळ्यात मोठी बरणी फोडू नका, आपल्या हवेत जून ते सप्टेंबर पापड मऊ पडतात तिथे कॉफी काय टिकणार. कपाच्या वाफेवर बरणी धरायची नाही, ओला चमचा तर अजिबात नाही. गावातल्या दुकानात महागडी बरणी खपत नाही म्हणून काचेच्या कपाटात उन्हात महिनोन् महिने उभी असते, तेव्हा तारीख बघा. आतेभावाची बरणी दिवाळीपर्यंत दगड झाली होती, आईने सुरीने खरवडून काढली आणि भाऊबीजेला दुधात घातली, अर्थात जायफळ घालूनच.