ताप येण्याआधी भरून ठेवायचा कागद

मी नर्स आहे. कोविड वॉर्डात रुग्ण दाखल करून घेताना नातेवाइकांना विचारायचे, "दुसरं काही दुखणं?" उत्तर ठरलेलं, "नाही हो, काही नाही." मग पिशवीतून गोळ्या निघायच्या. साखरेच्या, बीपीच्या, रक्त पातळ करायच्या. गोळी चालू आहे म्हणजे आजार नाही, असंच आपण धरून चालतो. म्हणून सांगते, घरातले सगळे धडधाकट असतानाच प्रत्येकाच्या नावाचा एकेक कागद भरून ठेवा.

पहिली ओळ वयाची. कोविड गंभीर होण्यात सगळ्यात मोठा वाटा वयाचाच असतो, आणि पन्नाशीनंतर धोका चढतच जातो. "आमच्या आजींना एकही आजार नाही" म्हणून निर्धास्त राहू नका.

त्याखाली आजार लिहा: मधुमेह, हृदयविकार, किडनीचा किंवा यकृताचा जुना आजार, सीओपीडी (फुप्फुसांचा जुना, दम लागणारा आजार), कर्करोग, पूर्वी झालेला पक्षाघात. गरोदरपण आणि धूम्रपानही लिहा. वजन लाजून वगळू नका. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागा. ८६ किलो आणि १.६५ मीटर असेल तर जवळपास ३१.६ येतात. ३० किंवा त्याहून जास्त म्हणजे लठ्ठपणा, आणि तो तरुणांनाही अडचणीत आणतो.

सगळ्यात जास्त निसटतात ती प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. किडनी बदललेला माणूस ती सांगतो, पण संधिवातासाठी इंजेक्शन घेणाऱ्याला किंवा कित्येक महिने स्टिरॉइडच्या गोळीवर असलेल्याला हे सांगायचं असतं हेच ठाऊक नसतं. अशांच्या शरीरात लशीचा परिणामही कमी पडू शकतो. लशीच्या शेवटच्या डोसची तारीख मात्र सगळ्यांच्याच कागदावर हवी.

चालू औषधांची नावं डब्यावरून जशीच्या तशी उतरवा, शेजारी शेवटचं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते हे सांगणारा रक्तातला आकडा) लिहा. निर्मात्रेल्विर-रिटोनाविर ही विषाणूविरोधी गोळी लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू करावी लागते. कोलेस्टेरॉलच्या, रक्त पातळ करायच्या आणि अवयव बदललेल्यांच्या काही औषधांशी तिचं जमत नाही, आणि डोस किडनी पाहून ठरतो. जुने रिपोर्ट शोधण्यात दोन दिवस गेले, तर डॉक्टरांच्या हाती तीनच उरतात.

शेवटची ओळ बरं असतानाच्या ऑक्सिजनची, म्हणजे बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर दिसणाऱ्या टक्क्यांची. सीओपीडी असलेल्याचा आकडा एरवीही ९२ असू शकतो. तो ठाऊक नसेल तर उगाच धावपळ होते, नाहीतर खरी घसरण नजरेतून सुटते.

आता आजार आलाच तर दिवस पहिल्या लक्षणापासून मोजा, रिपोर्टच्या तारखेपासून नाही. तब्येत ढासळते ती बहुतेकदा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास, ताप उतरला म्हणून घर निवांत झालेलं असतं तेव्हा. एक गृहस्थ माझ्यासमोर पलंगावर बसून मुलीशी फोनवर बोलत होते. "मी अगदी… बरा आहे… काळजी… करू नको." दर दोन शब्दांनी थांबत होते. ऑक्सिमीटर लावला, तर ७९. धाप लागल्याचं त्यांचं त्यांनाच जाणवत नव्हतं.

म्हणून "कसं वाटतंय?" एवढं विचारून थांबू नका. नेलपॉलिश पुसा, हात ऊबदार करा, पाच मिनिटं शांत बसवा आणि आकडा स्थिर झाल्यावरच लिहा. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, हे ध्यानात असू द्या. ९३-९४ आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. ९२ किंवा खाली गेला तर थेट हॉस्पिटल गाठा. ज्यांचा नेहमीचाच आकडा कमी, त्यांची मर्यादा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. श्वास मोजताना नाडी बघतोय असं दाखवा आणि छातीकडे पूर्ण एक मिनिट बघा. मोजतोय हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो. विश्रांतीत असताना मिनिटाला २४ च्या वर गेला तर डॉक्टरांना फोन करा, ३० च्या वर गेला तर वाट पाहू नका.

२०२० मध्ये ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांतल्या रुग्णांवरून, कोविडच्या रुग्णाच्या जिवाला किती धोका आहे हे सांगणारं 'फोर-सी' हे गुणपत्रक तयार झालं. त्यात आठ गोष्टी आहेत: वय, लिंग, जुने आजार, श्वासाची गती, ऑक्सिजन, माणूस शुद्धीवर आहे का, रक्तातलं युरिया आणि सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी). ते दाखल रुग्णांसाठी आहे, घरी गुण मांडत बसू नका. पण बघा, आठांपैकी सहा गोष्टी रक्त न काढताच कळतात.

स्टिरॉइड स्वतःहून सुरू करू नका. डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने जीव वाचले ते ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना त्याचा फायदा दिसला नाही, आणि साखर तर त्याने वाढतेच.

म्हाताऱ्या माणसाला तापच येणार नाही कदाचित. जेवण सोडलं, दिवसभर झोपून राहिलं, घरातल्यांची नावं चुकायला लागली, तोल जाऊन पडलं, तर ऑक्सिमीटर लावा आणि तो कागद हातात घेऊनच डॉक्टरांना फोन करा.