एएसए ग्रेड लिहिताना या चुका टाळा

एएसए (भूलतज्ज्ञांची अमेरिकन संघटना) ग्रेड म्हणजे भूल देण्याआधी पेशंटची तब्येत कशी आहे ते सांगणारा आकडा: १ म्हणजे धडधाकट, आकडा वाढेल तसा आजार गंभीर. तालुक्याच्या रुग्णालयात हर्नियाचा पेशंट. सोमवारी तपासणाऱ्या भूलतज्ज्ञाने केसपेपरवर 'ग्रेड २' लिहिलं, बुधवारी भूल द्यायला आलेल्याने ते खोडून ३ केलं. कारण दोघांनीही लिहिलं नाही. मतभेद बहुतेक वेळा याच दोन आकड्यांत होतात.

बीपीच्या पेशंटला आपण "गोळी चालू आहे का?" विचारतो, तो मान हलवतो, आपण २ लिहून मोकळे. "शेवटची गोळी कधी घेतली?" असं विचारून पाहा. कापूस वेचणीच्या दिवसांत गोळ्या संपल्या, तर आणायला कोण जातं? बीपी आटोक्यात असेल तर २, नसेल तर ३. शुगरचंही तसंच.

वय झालं म्हणून ग्रेड वाढवू नका. ऑपरेशन मोठं आहे म्हणूनही नाही. उलट गरोदर बाई कितीही धडधाकट असो, ती २ मध्येच. हार्ट अटॅकला ३ महिने झाले नसतील तर ४, त्यानंतर ३. बीपी, शुगर, गरोदरपण, हार्ट अटॅक ही उदाहरणं एएसएच्या यादीत आहेत. पद्धत १९४१ ची असली तरी यादी २०१४ मध्ये आली आणि २०२० मध्ये सुधारली. ऑपरेशन थिएटरच्या भिंतीवर ती चिकटवायला एक कागद पुरतो.

आता आपल्याकडचा घोळ. "तंबाखू खाता का?" "नाही जी." आणि खिशात खर्ऱ्याची (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची) पुडी! त्याच्या लेखी खर्रा म्हणजे तंबाखू नव्हेच. नावानिशी विचारा आणि तोंड उघडायला लावा, कारण खर्ऱ्याने तोंड कमी उघडू लागतं. दोन बोटंही जात नसतील तर श्वासाची नळी टाकताना घाम फुटणार आहे. पण म्हणून ग्रेड फुगवू नका; हा आकडा श्वासमार्गाचा नाही. ते वेगळ्या ओळीत, ठळक लिहा.

'सिकलसेल पॉझिटिव्ह' एवढ्यावरही ग्रेड ठरवू नका. सोल्युबिलिटी टेस्ट वाहकाची आणि आजारी माणसाची, दोघांचीही पॉझिटिव्ह येते. दोघांतला फरक दाखवणारा इलेक्ट्रोफोरेसिसचा रिपोर्ट मागा.

रात्री दोनला केस आली म्हणून ग्रेडपुढे 'ई' (इमर्जन्सी) लागत नाही. थांबल्याने जिवाला किंवा एखाद्या अवयवाला धोका बराच वाढणार असेल, तरच.

आणि खोडाखोड नको. आधीचा आकडा राहू द्या, खाली वेळ टाकून लिहा: '३. बीपी १७६/१०८, गोळी ३ आठवडे बंद.' सोमवार ते बुधवार पेशंटही बदललेला असू शकतो.