क्रँकशाफ्टमधील भेगा चुंबकीय कणांनी कशा शोधाव्यात

जुना क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या हालचालीने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, ग्राइंडिंगला (घासून गुळगुळीत करायला) पाठवण्यापूर्वी त्याची चुंबकीय कण तपासणी, म्हणजे कारखान्यातल्या भाषेत ‘एमपीआय’, करून घ्यावी. चुंबकित केलेल्या शाफ्टमध्ये भेग आडवी आली की तेथील चुंबकीय प्रवाह पृष्ठभागाबाहेर निसटतो आणि त्या जागी लोहकण रेषेसारखे गोळा होतात. ही पद्धत पोलाद आणि बीड यांना चालते, ॲल्युमिनियमला नाही.

प्रथम तेल, ग्रीस आणि कार्बन पूर्णपणे काढून तेलाची छिद्रेही हवेने साफ करावीत, कारण त्यांतून मागाहून पाझरणारे तेल नेमक्या संशयाच्या जागी पसरते. ए.सी. योक, म्हणजे दोन पायांचा हातात धरायचा विद्युतचुंबक, वापरायचा असल्यास तो किमान ४.५ किलोचे पोलादी वजन उचलतो का, हे आधी पाहावे.

सर्वाधिक चुका दिशेच्या बाबतीत होतात. योकच्या दोन पायांना जोडणाऱ्या रेषेला काटकोनात असलेली भेग सर्वांत ठळक दिसते, तर समांतर भेग बहुधा दिसतच नाही; म्हणून पाय एकदा शाफ्टच्या लांबीत आणि एकदा त्याला आडवे ठेवून प्रत्येक जागा दोनदा तपासावी. जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) कडेचा फिलेट, म्हणजे गोलाई दिलेला कोपरा, आणि तेलाच्या छिद्राचे तोंड या थकव्याच्या, म्हणजे वारंवार येणाऱ्या ताणाने पडणाऱ्या, भेगांच्या ठरलेल्या जागा असल्याने तिथे घाई करू नये. एकाच दिशेची तपासणी करून दिलेला ‘निर्दोष’ शेरा माझ्या मते शेरा नसल्यासारखाच आहे.

योकचा विद्युतप्रवाह चालू ठेवून अतिनील उजेडात चकाकणाऱ्या कणांचे द्रावण फवारावे आणि फवारा थांबल्यावरच योक बंद करावा, अन्यथा वाहते द्रव जमलेले कण धुऊन नेते. निरीक्षण २० लक्सपेक्षा कमी उजेडात, ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली, डोळे अंधाराला सरावल्यावर करावे. उन्हात काळा पडणारा चष्मा मात्र काढून ठेवावा.

खूण दिसली की पुसून पुन्हा तपासावे. कचऱ्यामुळे उमटलेली खूण सहसा परत येत नाही. चावीच्या खाचेची (शाफ्टवर चाक पक्के बसवणाऱ्या पट्टीसाठी कोरलेल्या खाचेची) कड परत दिसते, पण पसरट आणि धूसर. भेग मात्र त्याच जागी बारीक, धारदार रेषेत उमटते.

शेवटी शाफ्ट ए.सी. कॉइलमधून, विद्युतप्रवाह चालू असतानाच, सावकाश दूर ओढून विचुंबकित करावा. नाहीतर उरलेले चुंबकत्व लोखंडाचा कीस बेअरिंगकडे खेचते. ग्राइंडिंगच्या उष्णतेने नव्या भेगा पडू शकतात, त्यामुळे ते काम झाल्यावर हीच तपासणी पुन्हा करावी.