वायपर बंदच होत नव्हते: माझा अनुभव

ऐन पावसाळ्यात माझ्या जुन्या गाडीचे वायपर दांडी ऑफ केली तरी चालूच राहायला लागले. ऊन पडलं तरी कोरड्या काचेवर करकर. काचेला ओरखडे पडू नयेत म्हणून आधी वायपरचा फ्यूज काढून ठेवला.

मेकॅनिकने थेट अख्खी मोटर बदलायला सांगितली. मला ते पटलं नाही. रिले (वायपरचा करंट चालू-बंद करणारा विजेवर चालणारा स्विच) बदलून पाहिला, फरक शून्य. मग लक्ष गेलं मोटरमधल्या पार्किंग स्विचकडे. आपण ऑफ केल्यावरही पाती खाली येईपर्यंत हाच स्विच मोटरला करंट देतो आणि पाती जागेवर आली की तोडतो. तो तुटलाच नाही, तर वायपर थांबणार कसे?

बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली, पात्यांची जागा काचेवर टेपने खुणावली (हे विसरू नका, नाहीतर पाती भलतीकडेच थांबतात) आणि मोटरचं गिअरवरचं झाकण उघडलं. आत ग्रीस काळं, घट्ट झालेलं, पार्किंग स्विचच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून मऊ ब्रशने घासलं, गिअरला नवं ग्रीस बेताने लावलं, झाकणाच्या कडेला सिलिकॉन सीलंट भरला, कारण पाणी तिथूनच शिरत होतं.

आता ऑफ केलं की पाती गुमान खाली येऊन थांबतात.