ट्रकच्या धडकेत जखमी झाल्यावर: दावा लवकर टाका, तडजोड उशिरा करा

साताऱ्यात एका वकीलसाहेबांकडे मी बरीच वर्षं कारकुनी केली. हल्ली विधी सेवा प्राधिकरणाची स्वयंसेविका म्हणून काम करते. पुणे-बंगळूर महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो. खंबाटकी घाटापासून कराडच्या पुढपर्यंत कुठेही ट्रक, ट्रेलर किंवा कंटेनरने उडवलं, की जखमीचा भाऊ, बायको, चुलता असं कुणीतरी कागदांची पिशवी घेऊन समोर येतं. हाडं जुळलेली असतात, पण कागद जुळलेले नसतात. म्हणून जे प्रत्येकाला तोंडी सांगते, तेच इथे लिहिते.

आधी दवाखाना. 2025 च्या मे महिन्यापासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्र सरकारची कॅशलेस उपचार योजना लागू आहे. तिच्यात नेमून दिलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात. 112 वर फोन केला तर जवळचं असं रुग्णालय कुठलं ते विचारा. दाखल करताना एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस, अशी नोंद झाली का, हे घरच्या माणसाने स्वतः बघावं. "गाडीवरून पडला" एवढंच लिहिलं गेलं आणि ट्रकचा उल्लेख राहिला, तर ती एक ओळ विमा कंपनीचा वकील पुढे पुन्हा पुन्हा वाचून दाखवतो.

दुसरा नातेवाईक घटनास्थळी पाठवा. ट्रकचा नंबर, टायरच्या खुणा, ट्रक कुठे थांबलाय, या सगळ्याचे फोटो पंचनाम्याआधी काढून ठेवा. रात्री रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रकवर मागून दुचाकी आदळते, तेव्हा गुन्हा बऱ्याचदा दुचाकीवाल्यावरच नोंदला जातो. अशा वेळी मागचे दिवे बंद होते, रिफ्लेक्टर नव्हते, धोक्याचा त्रिकोण ठेवला नव्हता, हे दाखवणारा फोटो फार मोलाचा असतो. वाहन धोकादायक रीतीने उभं करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 122 खाली मना आहे. फिर्याद तुमच्याविरुद्ध झाली म्हणून भरपाईचा दावा संपत नाही, कारण मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, म्हणजे जिथे हा दावा चालतो ते न्यायालय, निष्काळजीपणा कुणाचा ते स्वतंत्रपणे तपासतं. दुचाकीवर तिघे होते, एवढ्यावरूनही भरपाई कापता येत नाही. तिघे बसल्यामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली, हे दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये तसं म्हटलं आहे.

ट्रक परराज्यातला असला की लोक हबकतात. नागालँडची पासिंग आणि मालक हरियाणाचा, मग आम्ही कुठे जायचं? कुठेच जायचं नाही. दावा अपघात झाला तिथे टाकता येतो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही टाकता येतो. एमपरिवहन अॅपवर नंबर टाकलात की गाडीचा विमा चालू आहे का, फिटनेस कधीपर्यंत आहे, हे दिसतं. त्याचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढा.

दवाखान्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी मालकाचा माणूस येतो. बोलायला गोड असतो, हातात वीस-पंचवीस हजार असतात आणि सोबत "आमची काही तक्रार नाही" असा स्टँपपेपर. त्यावर सही करू नका. औषधाला पैसे नाहीत म्हणून घरचे करतात, ते मला समजतं, पण पुढे तोच कागद तुमच्यासमोर ठेवला जातो.

मुदतीचं नीट ऐका. 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करण्याची अट आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. प्लास्टर निघालं नाही, अपंगत्वाचा दाखला मिळाला नाही, म्हणून थांबायची गरज नाही. दावा आधी दाखल होतो, उपचारांचे कागद नंतर जोडता येतात. पोलिसांनाही नियमांनी मुदती बांधून दिल्या आहेत: पहिला अहवाल 48 तासांत, अंतरिम अहवाल 50 दिवसांत, सविस्तर अहवाल 90 दिवसांत. हे अहवाल न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे जातात. तपासी अंमलदाराला त्यांची प्रत लेखी अर्ज करून मागा. तोंडी विचारलं तर "साहेब बंदोबस्ताला गेलेत" हेच ऐकायला मिळतं.

दाव्यात चालक, मालक आणि विमा कंपनी असे तिघेही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करायचे. चालकाकडे जड वाहनाचा वैध परवाना नव्हता असं निघालं, की कंपनी हात झटकायला बघते. तिथे वकिलांनी "आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा" असा आदेश मागायचा असतो. तुम्ही जीपमध्ये प्रवासी होता आणि चूक जीप व ट्रक दोघांची असेल, तर पूर्ण भरपाई दोघांपैकी कुणाहीकडून मागता येते. आपसांतला हिशेब ते बघतील.

आता पैशांचं. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली चूक कुणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये मिळतात. रक्कम ऐकायला बरी वाटते. पण ती घेतलीत की कलम 166 चा, म्हणजे चूक सिद्ध करून पूर्ण भरपाई मागायचा, तुमचा मोठा दावा संपतो, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे. किरकोळ फ्रॅक्चर असेल, माणूस दोन महिन्यांत कामावर जाणार असेल, तर खुशाल घ्या. ज्याचं कामच बंद पडणार आहे, त्याने घेऊ नये.

एक रंगारी धरा. वय 34, महिन्याची कमाई 18,000. उजव्या खांद्याचा चुरा झाला. दाखल्यावर अपंगत्व 25 टक्के. विमा कंपनी वर्षाचे 2,16,000 धरते, त्याचे 25 टक्के काढते, वयाप्रमाणे 16 ने गुणते आणि 8,64,000 म्हणते. गणित बरोबर, पण मांडणी अपुरी. 2010 च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान या वेगळ्या गोष्टी आहेत. हात खांद्यावर जात नसेल, तर कारकून नोकरी टिकवू शकतो, रंगारी शिडीवर चढून छत रंगवू शकत नाही. त्याचं कामातलं नुकसान 40 टक्के सिद्ध झालं आणि चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगाराला भविष्यातल्या वाढीपोटी मिळणारे 40 टक्के धरले, तर महिना 25,200, वर्ष 3,02,400, त्याचे 40 टक्के 1,20,960 आणि गुणिले 16. होतात 19,35,360. माणूस तोच, खांदा तोच. उपचारांचा खर्च, बुडालेली मजुरी, सोबत राहिलेल्या माणसाचा मोबदला, प्रवास, खास आहार, पुढची शस्त्रक्रिया आणि वेदनांची भरपाई यांशिवायची ही रक्कम आहे.

पण हे 40 टक्के कुणी आपणहून देत नाही. डॉक्टरांना साक्षीला बोलवावं लागतं आणि "हा माणूस शिडीवर चढून काम करू शकेल का?" हा प्रश्न त्यांना थेट विचारावा लागतो. वकिलांनी तो विचारला का, हे तुम्ही बघा. काम देणाऱ्या ठेकेदारालाही उभं करा.

कमाईचा पुरावा म्हणजे फक्त आयकर विवरणपत्र, असा समज आहे. शेतकऱ्याने सातबारा, दूध डेअरीची बिलं, बाजार समितीच्या पट्ट्या द्याव्यात. गवंडी-सुतारांनी बँक पासबुक, मोबाइलवर आलेले पैसे, कामाच्या नोंदीची वही द्यावी. घर सांभाळणाऱ्या बाईची तर लोक "कमाई काही नाही" म्हणून ओळच सोडून देतात, ते बघून मला राग येतो. तिच्या घरकामाचं मोल धरूनच भरपाई ठरवायची, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे. तिच्या दाव्यात ते आवर्जून मागा.

मेडिक्लेममधून बिल भागलं असेल तरी ते दाव्यात मागा. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करायची नाही असं ठरवलं आहे. मेडिकलच्या पावत्या मात्र लगेच झेरॉक्स करून ठेवा, त्यांची शाई उडते.

लोकअदालतीबद्दल लोक मला सारखं विचारतात. चांगली सोय आहे, पैसे लवकर हातात येतात. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. प्लेट काढायची शस्त्रक्रिया बाकी असताना, अपंगत्वाचा अंतिम दाखला हातात नसताना तडजोड करू नका. वर मी मांडला तसा हिशेब कागदावर मांडा, मग कंपनीचा आकडा ऐका.

ट्रक पळून गेला आणि सापडलाच नाही, तर गंभीर दुखापतीला 50,000 रुपये मिळतात. त्यासाठी अर्ज दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात करायचा. जखमी जर त्याच ट्रकचा चालक किंवा क्लीनर असेल, तर त्याला कर्मचारी नुकसानभरपाईचाही रस्ता आहे. त्यासाठी आधी 1923 चा कायदा होता, नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. हा रस्ता आणि मोटार अपघाताचा दावा, या दोन्हींपैकी एकच निवडता येतो, म्हणून अर्ज करण्याआधी वकिलांकडून दोन्ही आकडे काढून घ्या.

वकिलांच्या फीचं आधी बोला आणि लिहून घ्या. भरपाईतला टक्का फी म्हणून ठरवायला वकिलांच्या आचारसंहितेत मनाई आहे. दवाखान्याच्या दारात वकीलपत्रावर सही मागणाऱ्या दलालाला परत पाठवा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, नाहीतर 15100 वर फोन करा. येताना फिर्याद, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, आधार आणि बँक पासबुक आणा. एक्स-रेची फिल्म घडी न घालता आणा.