अद्भुत कादंबरीवरचा सिनेमा सुरू करताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली मुलं आता भाड्याच्या कॅमेऱ्यावर सिनेमे करू लागली आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांना अद्भुत कादंबरीच, म्हणजे फँटसीच, करायची असते. मला याचं मनापासून बरं वाटतं. कणकुंबीचा मलप्रभेचा उगम, जांबोटीचं रान, हलशीची कदंबकालीन देवळं, गोकाकचा धबधबा, एवढं सगळं एका जिल्ह्यात असताना अशा गोष्टी सुचल्या नाहीत तरच नवल. पण माझ्याकडं वाचायला येणाऱ्या पटकथांच्या पहिल्या तीन पानांत वर्षानुवर्षं त्याच चुका दिसतात. मग पुढची शंभर पानं कितीही चांगली असोत, बघणारा तिथवर पोचतच नाही.

इतिहास सांगत सुरुवात करणं

ही सगळ्यात मोठी. काळा पडदा, घोगरा आवाज, 'सहस्र वर्षांपूर्वी या भूमीवर...' आणि मग नकाशा. लेखकानं ते जग उभं करायला वर्षं घातलेली असतात, म्हणून दिग्दर्शकाला वाटतं की ते आधी समजावून सांगितलं पाहिजे. बघणाऱ्याला मात्र अजून त्या जगाशी काही देणंघेणं नसतं.

चार वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातली सहा-सात मुलं माझ्या ओळखीच्या एका लेखकाच्या कादंबरीवर सिनेमा करत होती. कादंबरीतल्या खोऱ्याचा नियम असा, की दिवेलागणीनंतर कुणी कुणाला नावानं हाक मारायची नाही. ज्याचं नाव रानाच्या कानावर पडेल तो उठतो आणि रानात चालू लागतो. चकव्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या, रात्रीच्या पहिल्या हाकेला ओ न देणाऱ्या आमच्या माणसांना ही गोष्ट थेट भिडणारी. पण पुस्तकाची पहिली चौदा पानं त्या खोऱ्यातल्या सात राजघराण्यांची होती आणि मुलांनी ती जशीच्या तशी उचलली. पटकथा मी वाचली होती. त्यांचा उत्साह बघून गप्प बसलो, ते माझं चुकलं.

सहा मिनिटांची सुरुवात झाली. चोर्ला घाटात ड्रोन उडवला, पुण्याहून नकाशा हलता करून आणला, आवाजासाठी नाटकातला माणूस गाठला. गावातल्या देवळाच्या सभामंडपात पडदा बांधून पहिला भाग दाखवला. तिसऱ्या राजापर्यंत लोक शांत होते. चौथ्याला कुजबुज सुरू झाली, पाचव्याला मागची मंडळी पान लावायला उठली. माझ्या शेजारी मुख्य काम करणाऱ्या मुलाची आजी बसली होती. तिनं मला दोनदा विचारलं, "सर, आमचा पोरगा कवा येतोय ओ?" तिचा नातू सातव्या मिनिटाला आला. तोवर सभामंडप अर्धा रिकामा झाला होता. पैसा त्या सहा मिनिटांतच संपल्यामुळं शेवटचा प्रसंग कधी चित्रितच झाला नाही. मुलं पुढं वर्षभर कॅमेऱ्याला शिवली नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं.

नंतर आम्ही तीच सुरुवात पुन्हा लिहिली. संध्याकाळ. एक बाई उंबऱ्यात उभी राहून पितळी ताटावर पळीनं ठोके देते. दोन ठोके, थोरला गोठ्यातून येतो. तीन ठोके, मधली मुलगी विहिरीकडून येते. चार ठोके. कुणी येत नाही. ती पुन्हा चार ठोके देते, जरा जोरात. रानाकडं बघते. हाक मारायला तिचं तोंड उघडतं आणि मधली मुलगी झेप घेऊन तिच्या तोंडावर हात दाबते. बस्स. दीड मिनिट, एकही संवाद नाही, आणि खोऱ्याचा कायदा कळला. ज्या घरांत आज्या नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या, घेतलंच तर उखाण्यात घ्यायच्या, तिथं हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. सात राजघराणी पुढं कधीतरी आली तरी चालतात.

यावर प्रत्येक मुलगा एकच उत्तर देतो: 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा 2001 चा पहिला भाग इतिहासानंच सुरू होतो की! होय, गॅलॅड्रिएल या पात्राच्या आवाजात सात-एक मिनिटं निवेदन आहे. पण नीट बघा, ते निवेदन एका अंगठीचा पाठलाग करतं. ती घडते, बोटासकट तुटून पडते, नदीत जाते, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात येते. राजे आणि लढाया येतात त्या तिच्यामागून. आणि हे पुस्तकाचं पहिलं प्रकरण नव्हे. तिथं वाढदिवसाची मेजवानी आहे, अंगठीची हकिगत दुसऱ्या प्रकरणात कळते. दिग्दर्शकानं ती विचार करून पुढं आणली. तुमच्या कादंबरीत हातातून हातात जाणारी अशी एक वस्तू असेल तर खुशाल निवेदन करा. नसेल तर करू नका.

पुस्तकाचं पहिलं पान म्हणजे सिनेमाचं पहिलं दृश्य समजणं

यात आळस असतो, निष्ठा नव्हे. 'नार्निया'च्या 1950 च्या पहिल्या पुस्तकात मुलांना बॉम्बहल्ल्यांमुळं लंडनबाहेर धाडलं, एवढं एका वाक्यात येतं. 2005 च्या सिनेमानं त्या वाक्याचं अख्खं दृश्य केलं: विमानं, पळापळ, आणि एडमंड वडिलांचा फोटो आणायला घरात परत धावतो. तो मुलगा पुढं चुकीच्या माणसावर का विश्वास ठेवतो, याचं बी तिथं पडतं.

माझी सवय सांगतो. कादंबरी दोनदा वाचायची, मग आठ दिवस कपाटात ठेवायची, उघडायची नाही. आठव्या दिवशी डोळ्यांसमोर जी तीन चित्रं उरली असतील ती कागदावर लिहायची. सुरुवात बहुतेक वेळा त्यांतल्याच एकातून निघते. मुलांना हे आठ दिवस जड जातात. दुसऱ्या दिवशी फोन येतो, "सर, लिहून झालं." त्या घाईत लिहिलेलं मी आता वाचतच नाही. उरलेले सहा दिवस थांब, मग ये, असं सांगतो.

भाषा

अद्भुत म्हटलं की पात्रं 'हे राजन, आपण चिंताक्रांत का?' असं बोलू लागतात. का? त्या जगातल्या माणसांनाही भूक लागते, त्यांच्याही म्हशी हरवतात. आमच्या गल्लीत 'काय करालास रे?' ऐकू येतं, बायकाही 'मी जातो, मी येतो' म्हणतात, मध्येच कन्नड शब्द सहज येतो. ही बोली नवख्या कानाला आधीच वेगळ्या मुलखातली वाटते. ती फुकट मिळालेली असताना पोथीतली मराठी कशाला आणायची? पहिलं वाक्य तरी घरात बोलतात तसं लिहा आणि घरातल्याच कुणाकडून मोठ्यानं वाचून घ्या. जिथं त्यांची जीभ अडखळेल तिथं वाक्य बदला.

बाकीच्या चुका थोडक्यात

स्वप्नानं सुरुवात करून नायकाला दचकून उठवू नका.

राक्षस पहिल्याच दृश्यात अख्खा दाखवू नका. संगणकावर केलेला स्वस्त राक्षस तर नाहीच, ओला पायठसा दाखवा.

मधली लढाई उचलून सुरुवातीला लावायची आणि 'सहा महिन्यांपूर्वी' अशी पाटी टाकायची, ही पळवाट आहे. सुरुवात जमली नाही म्हणूनच ती सुचते.

भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय कॅमेरा नेऊ नका.

हक्क लेखी घ्या. लेखक हयात असेपर्यंत आणि त्यानंतर 60 वर्षं तो हक्क कायद्यानं शाबूत असतो. ओळखीच्या लेखकाचा तोंडी होकार पुरत नाही, कागद करा.

सुरुवात जोडून झाली की आवाज पूर्ण बंद करून तीन जणांना दाखवा. कोण, कुठं आणि कशाला घाबरतंय, हे तिघांपैकी दोघांना सांगता आलं नाही तर संगीत भरून ते झाकू नका. पुन्हा चित्रित करा.

आणि दिवेलागणीचं दृश्य दिवेलागणीलाच घ्या. दुपारी घेऊन संगणकावर निळं केलेलं लगेच ओळखू येतं. आमच्याकडं तो उजेड जेमतेम वीस मिनिटं टिकतो. ताटाचं ते दीड मिनिट आम्ही चार संध्याकाळी घेतलं. रोज सहाला ताट, पळी आणि तीन मुलं उंबऱ्यात तयार ठेवायची, उजेड गेला की सामान आवरायचं आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं.